पुतळाच्या रक्तात हमाल नाही

बेलापूर, १४ सप्टेंबर १९८६

चि. नंदिनीस वामनकाकाचा जयभीम.

तू हैदराबादेत रक्तातल्या चरबीवर संशोधन करतेस हे तुझा बाप मला दर वर्षी नव्यानं सांगतो. चुलतभाऊ असला तरी त्याला वाटतं मला त्यातलं काही कळत नाही. परळच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचा धुतल्या मी, रक्तं निवळली, आणि साहेब जेवायला गेले की त्यांची पुस्तकं वाचली. पदवी नाही, पण मुक्या माणसालाही कान असतातच.

काम असं आहे. शेजारच्या दिवाळे गावची गोजराबाई आमच्या दारावर मासळी घेऊन येते. हे नवं शहर वसवायला तिच्या नवऱ्याची, हिरामणची, भातखाचरं गेली. बदल्यात घरटी एक नोकरी. घरात मॅट्रिक झालेली एकच, थोरली पुतळा, वय तेवीस. धाकट्या दोघी अजून शाळेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात तिची निवड झाली, आणि कारखान्याच्या डॉक्टरनं कागदावर शेरा मारला, ‘अनफिट’. का, तर रक्तात कोलेस्टेरॉल ३२८.

डॉक्टरचं नाव सुभाष. आडनाव लिहून शाई वाया घालवत नाही. पोर दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढण चढते आणि वर शेजारणीशी भांडते. हा गृहस्थ एक जिना चढला की आधी खुर्ची शोधतो. गोजराबाईला म्हणाला, तुम्ही लोक मासे-नारळ खाऊन रक्ताचं डबकं करून घेता. याला मासळीत काय असतं ते माहीत नाही, रक्तात काय असतं तेही माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच की नवं यंत्र आलंय. वांझोट्या गाईला चांदीची घंटा.

अपील करायची मुदत ३१ मार्च. त्यानंतर नोकरी यादीतल्या पुढच्या घराला. जमीन गेली ती गेलीच, बदल्यात हाती उरेल तो अनफिटचा कागद.

तू तुझ्या संस्थेच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठव की हा रिपोर्ट चुकीचा आहे. तोवर मी पोरीचे मासे, नारळ, अंडी बंद केली आहेत. सकाळी लसणीच्या दोन पाकळ्या आणि दुधीचा रस चालू केला आहे.

तुझा
वामनकाका


हैदराबाद, २५ सप्टेंबर १९८६

ती. वामनकाकांना नंदिनीचा जयभीम.

तुमच्या डॉक्टरांनी मुलगी न बघता तिला अनफिट ठरवलं. मी रिपोर्ट न बघता तो चुकीचा ठरवू म्हणता. मग आम्हा दोघांत फरक काय राहिला? असला कागद मी लिहिणार नाही.

काका, ३२८ खरं असू शकतं आणि तरीही डॉक्टर मूर्ख असू शकतो. कोलेस्टेरॉल रक्तात एकटं फिरत नाही, ते कणांत भरून वाहिलं जातं. काही कण ते शरीरभर पोचवतात. त्यांची गर्दी झाली तर धमन्यांत गाळ साचतो, म्हणून त्यांना भ्यायचं. दुसरे, ज्यांना आम्ही एच.डी.एल. म्हणतो, ते उलट गोळा करतात. ३२८ म्हणजे सगळ्या कणांतला मिळून आकडा. कुठल्यात किती, हे न मोजता नुसत्या बेरजेवर निकाल देणं म्हणजे दिवाळ्याच्या बंदरात होड्या मोजून मासळी किती आली ते सांगणं. तुमच्या डॉक्टरांनी एच.डी.एल. वेगळं मोजलं आहे का? विचारा.

आणि दुधीला बदनाम करू नका. त्या मुलीला जेवू द्या.

नंदिनी


बेलापूर, ९ नोव्हेंबर १९८६

चि. नंदिनीस,

विचारलं. सुभाषडॉक्टर म्हणाला, “वेगळं बिगळं काय नसतं, आकडा तो आकडा.” मी प्रयोगशाळेत होतो असं सांगितलं, तर विचारतो, कोण होता. अटेंडंट म्हणालो. तो हसला आणि फाइल मिटली. असल्या हसण्याची मला एकतीस वर्षांची सवय आहे. पण पोरीसमोर हसला, ते लागलं.

तुझं ऐकून दुधी बंद करणार होतो. मग वाटलं, सुरू केलंच आहे तर सहा आठवडे पुरे होऊ दे. झाले. पोर उतरली, गोजराबाई माझ्याशी बोलेना. पुन्हा रक्त तपासलं. आकडा ३३१. म्हणजे तीन वाढले. गोजराबाईनं दारात पाटी टेकली आणि म्हणाली, “दादा, पोरीला उपाशी मारून तीन पाइन्ट कमावलंस.” दुधी त्याच दिवशी बंद केला.

तुझ्या खात्यातली स्मिता एका लग्नाला इकडे आली आहे, तिच्याबरोबर पुतळाचं रक्त पाठवतो. थर्मासमध्ये बर्फ घातला आहे. एच.डी.एल. काय ते तूच मोज.

वामनकाका


हैदराबाद, १७ नोव्हेंबर १९८६

काका,

स्मितानं थर्मास उघडला तेव्हा आतलं रक्त दगड झालं होतं. वितळल्यावर पेशी फुटून सगळं लालभडक पाणी झालं. त्यात काहीही मोजता येत नाही. बर्फाची चव घेऊन बघितली, खारट. थर्मासमध्ये मीठ कुणी घातलं? साध्या बर्फात रक्त गोठून दगड होत नाही, मीठ घातलेल्या बर्फात होतं, हे कुल्फीवाल्याला कळतं.

आणि आख्खं रक्त का पाठवलंत? परळला तुम्ही एकतीस वर्षं रक्त साकळू देऊन वरचं पिवळं पाणी वेगळं काढत होतात. मला लहानपणी तुम्हीच दाखवलं होतं. दुसऱ्याच्या अज्ञानाला हसताना आपली विद्या घरी विसरू नये.

परत पाठवा. या वेळी माणसासारखं.

नंदिनी


बेलापूर, ३ डिसेंबर १९८६

चि. नंदिनीस,

शिव्या पोचल्या. चूक कुणाची ते सांगतो, म्हणजे हसशील आणि पुढच्या पत्रात जरा कमी ओरडशील.

बर्फ गोजराबाईचा. त्यांच्याकडे मासळी दूर पाठवायची तर बर्फावर मिठागराचं जाडं मीठ फेकतात, बर्फ जास्त गार होतो आणि मासा ताठ राहतो. तिनं मोठ्या मायेनं दोन मुठी घातलं. मी सिरम, म्हणजे ते पिवळं पाणी, काढायला बसलो होतो. ती म्हणाली, “दादा, माल कापून धाडू नको, नासतो. आख्खा धाड, घेनारा कापंल.” आणि मी, परळचा वामन सकपाळ, मान हलवून नळी बंद केली. सुभाषडॉक्टरला नावं ठेवता ठेवता मी रक्ताची सुरमई करून पाठवली.

आता नीट केलं आहे. रक्त तासभर साकळू दिलं, वरचं सिरम काढलं, दोन नळ्या भरल्या. बर्फ साधा, आमच्या नाक्यावरच्या रसवंतीचा. गोजराबाईला जवळ येऊ दिलं नाही. तू माणूस पाठवलास, त्याच्या हातात दिलं. पुतळानं रक्त देताना विचारलं, ह्यानं नक्की काय कळनार? मी म्हटलं, तुझी चूक नाही एवढं. ती म्हणाली, ते मला ठाव हाय, त्यांना कळंल का ते सांगा.

वामनकाका


हैदराबाद, १८ जानेवारी १९८७

ती. वामनकाकांना,

उशीर झाला, कारण मी एकदा मोजून विश्वास ठेवला नाही. तीनदा मोजलं.

पुतळाचं एकूण कोलेस्टेरॉल ३२६. त्यातलं एच.डी.एल. १४८. बायकांत साधारण पन्नास-साठ असतं. धमन्यांत गाळ करणारे जे कण, ते तिच्यात बेताचेच आहेत. म्हणजे आकडा मोठा दिसतो तो भलत्याच कारणानं.

कारण सांगते, सावकाश वाचा. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं. त्याचं काम एका कणातलं कोलेस्टेरॉल उचलून दुसऱ्यात टाकणं. गोळा करणाऱ्या एच.डी.एल.मधून ते काढून वाटप करणाऱ्या कणांत देतं, आणि बदल्यात तिकडची दुसरी चरबी इकडे आणतं. हे सतत चालू असतं, तुमच्या माझ्या अंगात आत्ताही. हे प्रथिन काम करत नसेल तर एच.डी.एल. भरतच जातं, कुणी रिकामं करत नाही. जपानात अशी माणसं एक-दोन वर्षांपूर्वी सापडली आहेत.

मी असं केलं. माझं स्वतःचं सिरम अंगाच्या उष्णतेइतकं गरम ठेवलं, एक दिवस. एच.डी.एल.मधलं बरंच कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांत गेलं. पुतळाच्या सिरमला तसंच केलं. काही हललं नाही. मग तिच्या सिरममध्ये माझ्या सिरमचे थोडे थेंब टाकले. नेआण सुरू झाली. 

हे जन्मजात दिसतं. खाण्यानं आलेलं नाही, दुधीनं जाणार नाही. आईबापाचं, बहिणींचं रक्त मिळालं तर समजेल ते कुठून आलं. विचाराल का?

नंदिनी


बेलापूर, २७ जानेवारी १९८७

चि. नंदिनीस,

पत्र दिवाळ्याला नेऊन वाचून दाखवलं. प्रथिन-कण कुणाला कळेना, तेव्हा मी सांगितलं. बंदरात दोन होड्या शेजारी लागल्या. एका होडीतली पाटी उचलून दुसरीत टाकणारा हमाल असतो. पुतळाच्या रक्तात हा हमालच नाही. म्हणून पहिली होडी भरून काठोकाठ. डॉक्टरनं लांबून होडी बघितली आणि ओरडला, बुडाली, बुडाली. हिरामण कधी बोलत नाही, तो म्हणाला, “भरलेली होडी बगून रडनारा मानूस मी पयल्यांदा आयकतो.” (तू म्हणशील तुझा हमाल दोन्हीकडून ने-आण करतो. असू दे. पाटी रिकामी परत जात नाही, एवढं त्यांनाही कळतं.)

मग मी तुझे आकडे घेऊन सुभाषडॉक्टरकडे गेलो. त्यानं एच.डी.एल. १४८ बघितलं आणि म्हणाला लॅबची चूक. मी म्हटलं, तीनदा मोजलंय. म्हणाला, मग असला विचित्र माणूस कंपनीनं का घ्यावा, उद्या हार्ट अटॅक आला तर? वीस वर्षांत काही होणार नाही असं लिहून आणा, बघू.

आला ना आता घोडा उंबऱ्याशी. संस्थेच्या कागदावर एकच ओळ लिही, की या व्यक्तीला यामुळे हृदयविकार होणार नाही. एच.डी.एल. चांगलं असतं हे तूच लिहिलंस. मग जास्तीचं म्हणजे जास्त चांगलं. हिशेब सरळ आहे.

वामनकाका


हैदराबाद, ६ फेब्रुवारी १९८७

ती. वामनकाकांना,

हिशेब सरळ नाही. एच.डी.एल. जास्त असलेल्या लोकांना हृदयविकार कमी होतो असं दिसतं, हे खरं. पण हमाल नसल्यामुळे जे एच.डी.एल. तुंबलं आहे, ते तसंच काम करतं का, हे मला माहीत नाही. जपानातल्यांनाही अजून माहीत नाही. भरलेली होडी किनाऱ्याला लागली तर उपयोग, नुसती भरून उभी राहिली तर काय? कदाचित पुतळा शंभर वर्षं जगेल. कदाचित तिच्यात आणि माझ्यात काहीच फरक पडणार नाही.

सोबत संस्थेच्या कागदावर, माझ्या आणि आमच्या विभागप्रमुख सरांच्या सहीसह, पत्र पाठवते. आकडे काय, प्रथिनाचं काम कसं दिसतं, नेहमी ज्याची भीती घालतात ते कण बेताचे आहेत, आज तिला कोणताही आजार दिसत नाही, हे सगळं त्यात आहे. आणि शेवटी हेही आहे, की पुढच्या वीस वर्षांबद्दल आज कुणालाच माहीत नाही. ती ओळ काढायला सांगू नका.

नंदिनी


बेलापूर, १४ फेब्रुवारी १९८७

नंदिनीस,

शेरभर शास्त्र आणि छटाकभर काळीज. सुभाषडॉक्टर निदान अडाणी आहे, तुला सगळं कळतं आणि तरी तू गोजराबाईच्या घरावर पाणी सोडतेस. ‘माहीत नाही’ लिहायला एवढं शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं. मी ते चौथीत असताना लिहीत होतो, मास्तर शून्य देत.

यापुढे तुला त्रास देणार नाही.

वामन सकपाळ


हैदराबाद, १० मार्च १९८७

काका,

महिना होत आला. मुदत संपत आली असेल. अपील केलंत का, तेवढं एका ओळीत कळवा. बाकी रागवा.

नंदिनी


बेलापूर, २ एप्रिल १९८७

चि. नंदिनीस वामनकाकाचा जयभीम.

हे पत्र लिहायला पाच दिवस बसतोय. काल काकू म्हणाली, तोंडात जीभ आहे तेवढी सगळी वापरून शिव्या दिल्यास पोरीला, आता हातात पेन धरवत नाही होय?

नीट सांगतो, मधलं काही गाळत नाही.

तुझं पत्र मी कपाटात ठेवलं आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन दुसरं टाइप केलं. आकडे तुझेच. शेवटी माझी ओळ, ‘या व्यक्तीस भविष्यात हृदयविकार होणे शक्य नाही.’ खाली तुझी सही मीच केली. संस्थेचा शिक्का नव्हता, तर तुझ्या जुन्या पाकिटावरून नाव-पत्ता जसाच्या तसा वर टाइप केला. सुभाषडॉक्टर असलं कधी बघत नाही, याची मला खात्री होती. त्याच्या आळसावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा तुझ्या खरेपणावर नव्हता, हे आता कबूल करतो.

अपिलाची तारीख २७ मार्च होती. मी आणि पुतळा बसची वाट बघत नाक्यावर उभे होतो. ती म्हणाली, कागद दाखवा, आत गेल्यावर काय लिव्हलंय ते मला ठावं असावं. दिला. तिनं उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्यात ‘माहीत नाय’ कुठं हाय? तुमी तर म्हैनाभर आमच्या दारात बसून सांगत व्हतात, ती पोरगी सारखी माहीत नाय, माहीत नाय करते म्हनून.”

पकडलं मला. माझ्याच बडबडीत पकडलं.

मी म्हटलं, पुतळा, हे तुझ्या भल्यासाठी. ती म्हणाली, “काका, खऱ्या कागदावर मला बोलता येईल. खोटा कागद दिला की मला आयुष्यभर गप बसाया लागंल.” बस आली, आम्ही सोडली. घरी परत गेलो, कपाटातून तुझं पत्र काढलं. अपिलाला अर्धा तास उशिरा पोचलो.

आत सुभाषडॉक्टर आणि कारखान्याच्या पर्सोनेल खात्यातल्या मीनाबाई. डॉक्टरनं पत्राचं पहिलं पान वाचलंच नाही, थेट शेवटाला गेला. ‘आज कुणालाच माहीत नाही’ ही ओळ मोठ्यानं वाचली आणि मीनाबाईंकडे बघून हसला. तेच हसू. म्हणाला, म्हणजे तुमच्या शास्त्रज्ञ बाईंनाच खात्री नाही, मग कंपनीनं का रिस्क घ्यायची.

मी तोंड उघडणार होतो. पुतळानं माझ्या मनगटावर हात ठेवला. आणि म्हणाली, “सायेब, माझ्यासंगं बारा जनांना फिट केलंत. त्यांना वीस वर्सं काय होनार नाय, हे कुठल्या कागदावर लिव्हलंय? मला त्यातला एक दाखवा. मी पन तसा आनते.”

 मीनाबाईंनी डॉक्टरला विचारलं, कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून नोकरी नाकारायची असा आपल्याकडे नियम आहे का. तो म्हणाला, नियम असा नाही, पण कॉमन सेन्स. मीनाबाई म्हणाल्या, मग नियमात आहे ते तपासा. वजन, नजर, दम, रक्तदाब. तिथंच तपासलं. सगळं ठीक. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, ‘फिट. दर वर्षी रक्त तपासावे.’ सही करताना पेन एवढं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

काल, एक एप्रिलला, पुतळा पॅकिंगमध्ये रुजू झाली.

नंदिनी, मी त्या माणसाला सहा महिने तुच्छ लेखलं, आणि सहा महिन्यांच्या शेवटी त्याच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो. त्यानं न बघता अनफिट लिहिलं, मी न बघता शक्य नाही लिहिलं. तुझी सही केलेला कागद चुलीत घातला. तुझी माफी मागतो. वयानं मोठा आहे म्हणून तू ‘असू दे काका’ म्हणशील, तसं म्हणू नकोस.

त्यांच्या घरच्यांच्या रक्ताबद्दल तू विचारलं होतंस. मी पुतळाला विचारलं. हिरामण-गोजरा तयार आहेत, बहिणी सुयांना भितात पण देतील. पुतळाची एक अट आहे. म्हणाली, “रगत लागंल तेवढं घ्या. पन कागदावर मला आजारी लिव्हू नका. एकदा लिव्हलं, तेवढं बास झालं.”

वामनकाका


हैदराबाद, ११ एप्रिल १९८७

ती. वामनकाकांना,

असू दे म्हणत नाही. मला राग आला आहे आणि तो काही दिवस राहील. पुतळाला मात्र सांगा, नुसत्या आकड्यावरून माणसाला आजारी म्हणावं का, हा वाद मी वर्षभर सरांशी घालते आहे, तो तिनं दोन वाक्यांत मिटवला.

मे महिन्यात मी स्वतः येते. रक्त मीच घेईन, दिवाळ्याला, त्यांच्या घरी बसून. तेव्हा तुम्ही फक्त नळ्या धरायच्या, बोलायचं नाही.

सोबत संमतीचे पाच फॉर्म पाठवते. त्यातला एक पुतळाचा. छापील आहेत, पहिल्या रकान्यात ‘रुग्णाचे नाव’ असं आहे. नवे छापून घ्यायला संस्थेत सहा महिने लागतात, म्हणून पाचही फॉर्मवर ‘रुग्णाचे’ हा शब्द मी हातानं खोडला आहे आणि प्रत्येक ठिकाणी बाजूला सही केली आहे. नुसतं ‘नाव’ उरलं आहे. तिथं पुतळाचं नाव तिलाच लिहू द्या.

नंदिनी